छडीनंतरची शाळा

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच्या १७व्या कलमाने शाळेतला मार आणि मानसिक छळ बेकायदा ठरला. १६व्या कलमाने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकण्याची वाटही बंद केली. दोन्ही कलमांची गरज किती होती, हे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने त्याच सुमारास सात राज्यांत केलेल्या पाहणीवरून कळते. ६,६३२ मुलांना विचारले गेले. आपल्याला कुठलीच शिक्षा झाली नाही, असे सांगणारी मुले निघाली नऊ.

कायद्याने छडी काढून घेतली, पण तिच्या जागी काय धरायचे हे शिक्षकाला कोणी सांगितले नाही. पाठ टाचण कसे काढायचे हे अध्यापक विद्यालयात घोटून घेतात. दोन मुले एकमेकांची कॉलर धरून समोर उभी राहिली तर पुढची दहा मिनिटे काय करायचे, याचा सराव कोणी घेत नाही. मग शाळेपुढे दोनच वाटा उरतात. एक जुनी, थोडी सौम्य केलेली: उठाबशा, वर्गाबाहेर उभे करणे, परिपाठात साऱ्या शाळेसमोर नाव घेणे, ‘उद्या बापाले घेऊन ये’. दुसरी त्याहून सोपी: ‘जाऊ द्या, हात मिळवा, बसा जागेवर.’ पहिलीत अपमान आहे, दुसरीत दुर्लक्ष. ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात दोन्हींतून काही पडत नाही.

तिसरी वाट आहे. तिला जगभर ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ म्हणतात, मराठीत पुनर्स्थापक न्याय. वाशिमसारख्या जिल्ह्यातल्या शाळांना ती जमेल का, आणि जमायची असेल तर कशावर, याचा हा आढावा.

समजा मंगरुळपीर तालुक्यातल्या एखाद्या गावात सहावीतल्या मुलीची कंपासपेटी मधल्या सुट्टीत कोणी तरी मोडली. नेहमीचा पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ आणि दुसरा ‘काहून केलं?’ पहिल्याला उत्तर येते, ‘म्या नाई केलं, सर.’ दुसऱ्याला उत्तरच नसते, कारण अकरा वर्षांच्या मुलाला आपण असे का वागलो हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. शेवटी कोणाला तरी शिक्षा होते, तो मनात सरांवर चिडतो, आणि पेटी मोडकीच राहते. पुनर्स्थापक पद्धतीत प्रश्न वेगळे असतात. काय झालं? त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं? यात कोणाकोणाला त्रास झाला? तो भरून काढायला आता काय करावं लागेल? ज्या मुलीची पेटी मोडली तिचे म्हणणे आधी आणि पूर्ण ऐकले जाते. मोडणारा ते समोर बसून ऐकतो. मग काय करायचे ते दोघे, त्यांचे दोन मित्र आणि एक मोठे माणूस मिळून ठरवतात: नवी पेटी घरून आणायची की महिनाभर आपली पेटी दोघांनी वापरायची, आणि ज्या वर्गासमोर तिची चेष्टा झाली त्या वर्गासमोर काय बोलायचे. ठरलेले पाळले की नाही हे आठ दिवसांनी पुन्हा बसून पाहायचे. या शेवटच्या बैठकीकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते सगळ्या पद्धतीचा कणा तीच आहे.

या विचाराचा आधुनिक इतिहास कॅनडातल्या एल्मायरा गावापासून सांगतात. १९७४ मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. मार्क यांत्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशाला सुचवले, की त्यांना प्रत्येक घरी नेऊन नुकसान झालेल्यांसमोर उभे करावे. न्यायाधीशाने मान्य केले आणि पोरांनी भरपाई केली. न्यूझीलंडने १९८९ मध्ये माओरी समाजाच्या कुटुंबमेळाव्याच्या रीतीवरून बालगुन्हेगारीचा कायदाच बदलला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी १९९४ मध्ये ही पद्धत एका माध्यमिक शाळेत आणली, आणि तिथून ती शाळाशाळांत पसरली.

आपल्याकडे हा विचार परका नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम उभी राहिली. त्या परंपरेत मुलांची आमसभा शाळेचे रोजचे प्रश्न सोडवत असे. सेवाग्रामला २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेने तो धागा धरून ठेवला आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांतून भीती आणि शिक्षा दोन्ही बाहेर काढल्या. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांना न रागावता त्यांची राहिलेली कामे स्वतः करून टाकत. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमात मुलांच्या चुकीबद्दल स्वतः सात दिवस उपवास केला. ही उदाहरणे मोठी आहेत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती सांगितलीही जातात. पण ती त्या त्या माणसाच्या तेजावर उभी होती. रिसोडच्या शाळेतल्या, चार वर्ग एकत्र शिकवणाऱ्या शिक्षकाला उद्यापासून साने गुरुजी व्हा असे सांगणे अन्यायाचे आहे. त्याला सामान्य माणसाला सामान्य दिवशी जमेल अशी रीत हवी. पुनर्स्थापक पद्धतीचे खरे मोल मला यातच दिसते: चार प्रश्न, बसण्याची एक ठरलेली तऱ्हा, आणि पुन्हा भेटण्याची तारीख.

वाशिमला अशा रीतीची ओळख दोन ठिकाणांहून आहे, आणि दोन्हींकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

पहिले ठिकाण तांडा. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, आणि जिल्ह्यात तांडे पुष्कळ. तांड्यात भांडण झाले तर नायक आणि कारभारी नसाब, म्हणजे न्यायसभा, बसवत. सगळा तांडा गोल बसलेला, दोन्ही बाजू उघडपणे मांडलेल्या, निर्णय तिथेच. कोर्टाच्या खेपा घालण्यापेक्षा हे माणसांना जवळचे वाटे, कारण उद्या त्याच विहिरीवर एकमेकांना भेटायचे असे. शाळेचेही तसेच आहे. ज्याच्याशी भांडण झाले तो उद्या त्याच बाकावर बसणार आहे, आणि निवासी आश्रमशाळेत तर रात्री शेजारच्याच गादीवर झोपणार आहे. पण नसाबीत बाई कमी बोले, गरिबाचा आवाज दबे, दंड मात्र त्यालाच जड जाई. महाराष्ट्रात अनेक जातींच्या पंचायतींनी माणसे वाळीत टाकली, म्हणून राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. गोल बसल्याने माणसे आपोआप समान होत नाहीत. वर्गातल्या गोलात सरपंचाचा मुलगा आणि ऊसतोडीला जाणाऱ्याचा मुलगा शेजारी बसले, तरी दोघांच्या बोलण्याचे वजन सारखे नसते. ते सारखे करण्याचे काम बैठक चालवणाऱ्याचे.

यातच भाषेचा प्रश्न येतो. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, गावातले वऱ्हाडी. शाळेत दोघांनी प्रमाण मराठीत आपली बाजू मांडावी अशी अपेक्षा असते. जो ‘शुद्ध’ बोलतो तो खरा वाटतो, जो अडखळतो तो खोटा. माझ्या मते शाळेतल्या निवाड्यांमधला हा सर्वांत मोठा आणि कोणाच्याच लक्षात न येणारा अन्याय आहे. मुलाला आपली गोष्ट ज्या बोलीत रडू येते त्याच बोलीत सांगू द्यावी. शिक्षकाला ती येत नसेल तर सांगणाऱ्याचा एखादा मित्र मदतीला बसवावा.

दुसरे ठिकाण तंटामुक्ती. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावोगाव समित्या झाल्या, बांधाची, भावकीची, पाण्याची भांडणे चावडीवर सुटली, आणि चांगले काम करणाऱ्या गावांना शासनाने रोख पुरस्कार दिले. पोलीस ठाण्यापर्यंत न जाताही न्याय होऊ शकतो, हा विश्वास या मोहिमेने खेड्यात रुजवला. तिचे हे श्रेय मोठे आहे. तिचा दोषही त्या पुरस्कारातच होता. किती तंटे मिटले याचे गुण मिळू लागले, की ‘मिटवा’ हा आग्रह वाढतो. मग ज्याने सोसले त्यालाच समजावले जाते, विशेषतः नवऱ्याने मारलेल्या बाईला. शाळांनी ही पद्धत स्वीकारली आणि उद्या त्यांना ‘भांडणमुक्त शाळा’ अशा पाट्या मिळू लागल्या, तर हेच होईल. मुख्याध्यापक भांडण नोंदवणारच नाहीत. शून्य तक्रारींची शाळा मला नेहमी संशयास्पद वाटते; तिथे बहुधा बोलायची सोय नसते.

आता पुराव्याकडे वळू. इथे भक्तिभावाने बोलण्याची घाई कामाची नाही.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या ४४ शाळांवर रँड या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये आला. ज्या शाळांत ही पद्धत आणली तिथे मुलांना निलंबित करण्याचे प्रमाण घटले, शिक्षकांना शाळेचे वातावरण सुधारल्यासारखे वाटले. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे अभ्यासातले यश खाली आले. इंग्लंडमधल्या ४० माध्यमिक शाळांत तीन वर्षे चाललेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले: मुलांना होणारा दादागिरीचा त्रास थोडा कमी झाला, मानसिक स्वास्थ्य सुधारले, आक्रमक वागणे मात्र तसेच राहिले. अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या १३ शाळांच्या अभ्यासात तर प्रशिक्षण दिलेल्या आणि न दिलेल्या शाळांत फरकच सापडला नाही. तरी तिथली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. आमचे शिक्षक खरोखर असे वागतात, असे ज्या मुलांनी सांगितले, त्यांना शाळा आपली वाटत होती आणि मित्रांशी त्यांचे बरे जमत होते. म्हणजे प्रशिक्षणाचे दिवस मोजून उपयोग नाही. मुलाच्या अनुभवाला ही पद्धत आली का, हे पाहायला हवे.

आपल्या सर्वांत जवळचा पुरावा बिहारचा आहे आणि तो गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने मिळवला आहे. तिने नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत २०१५-१६ मध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. तो शब्दशः पुनर्स्थापक न्यायाचा प्रयोग नव्हता. शाळेचे वातावरण सुधारणे हा त्याचा हेतू होता. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, मुलांचे गट, आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलणे, असा तो कार्यक्रम. काही शाळांत तो शिक्षकाकडे दिला, काही शाळांत त्यासाठी प्रशिक्षण दिलेल्या एका बाहेरच्या साध्या माणसाकडे. हा माणूस मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, त्याच भागातला पदवीधर होता. जिथे तो होता तिथे शाळेचे वातावरण स्पष्टपणे सुधारले. दादागिरी, मारामारी आणि नैराश्य घटले. पुढच्या वर्षी फरक आणखी वाढला. जिथे तेच काम शिक्षकाकडे होते तिथे काहीही बदलले नाही.

हा निष्कर्ष शिक्षकांना कमी लेखणारा नाही. त्यांच्याकडे आधीच किती कामे आहेत हे गावातल्या कोणालाही विचारा: खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, मतदार यादी, सर्वेक्षणे. शिवाय गुण देणाऱ्या माणसाजवळ मूल सगळे बोलत नाही. ज्याच्या हातात ना हजेरी ना निकाल, अशा माणसाजवळ बोलते. वाशिमसाठी धोरण आखणाऱ्याने या एका गोष्टीवरून आपला विचार बदलावा, असे मला कळकळीने वाटते. नुसते परिपत्रक काढून आणि तीन दिवसांचे प्रशिक्षण देऊन शिक्षकांवर आणखी एक उपक्रम लादला, तर बिहारचा निकाल इथेही लागेल.

महाराष्ट्रात याची जमीन थोडी तयार आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने शासनासोबत २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केले आणि पुढे ते राज्यभरच्या सरकारी शाळांत गेले. वर्गाचे नियम मुलांनी मिळून ठरवायचे, जोडीने आणि गटाने काम करायचे, दुसऱ्याचे बोलणे थांबून ऐकायचे, हे त्यातून हजारो वर्गांनी पाहिले आहे. नियम मोडल्यावर काय, ही पुढची पायरी मात्र बहुतेक ठिकाणी चढायची राहिली. बहुतेक जिल्हा परिषद शाळांत शालेय मंत्रिमंडळही असते. त्यातला ‘शिस्तमंत्री’ आज कोण बोलतो त्याची नावे फळ्यावर लिहितो. हे काम त्याच्याकडून काढून, भांडणाऱ्या दोघांना चार प्रश्न विचारण्याचे काम त्याला शिकवता येईल. मुले हे काम आपल्याला वाटते त्यापेक्षा गंभीरपणे करतात.

वेळेचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. मार्च २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. त्या सकाळचा अर्धा तास वर्गाच्या गोल बैठकीला देता येतो, आणि भांडण नसले तरी द्यावा. भांडण झाल्यावरच गोल बसणारा वर्ग गोलाला घाबरतो. दिवाळीनंतर जी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात, त्यांच्यासाठी ही बैठक विशेष गरजेची आहे. चार महिन्यांनी आलेल्या मुलाची जागा दुसऱ्याने घेतलेली असते, पुस्तक पुढे गेलेले असते, आणि पहिले भांडण तिथेच होते. त्याला परत वर्गात घेणे हाही सांधण्याचाच भाग आहे.

आणि एक गोष्ट शिक्षकांच्या वाट्याची. रागात एखाद्याला जातीवरून, बापाच्या दारूवरून, फाटक्या गणवेशावरून बोलून गेलेल्या शिक्षकाने दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात ‘काल माझं चुकलं’ म्हटले, तर त्या वर्गाला वर्षभराच्या मूल्यशिक्षणापेक्षा जास्त मिळते. मोठी माणसे या रीतीच्या बाहेर राहिली, तर मुलांना ती शिक्षेचेच नवे नाव वाटेल, आणि ते बरोबरच असेल.

मर्यादा मात्र ठळक आखाव्या लागतील. लैंगिक अत्याचाराचे काहीही गोल बैठकीत आणायचे नाही. पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे ते पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि शाळेने प्रकरण आतल्या आत ठेवणे हा गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चिमुकल्या मुलींच्या बाबतीत जे घडले, त्यावेळी लोकांचा संताप अत्याचाराइतकाच उशिराबद्दल आणि लपवालपवीबद्दल होता. अशा तक्रारींसाठी शाळेची सखी सावित्री समिती आहे, बालमदतीचा १०९८ क्रमांक आहे. जातीवरून झालेला छळ आणि शिक्षकाकडून झालेली मारहाण यांतही ‘समेट’ घडवून आणण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला नाही. उलट बाजूने, शाळेतल्या साध्या मारामारीसाठी पोलिसांकडे धाव घेण्याची गरज कायद्यालाही वाटत नाही. बालन्याय कायद्याखालच्या २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार अतिगंभीर (‘हीनस’) गुन्हा नसेल आणि मोठ्या माणसांचा त्यात सहभाग नसेल, तर मुलावर एफआयआर दाखल करायचा नसतो. या दोन टोकांच्या मध्ये जे उरते, म्हणजे शाळेतली जवळजवळ सगळी रोजची दुखणी, तेच या पद्धतीचे क्षेत्र.

वाशिम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ पासून तो देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत मोजला जातो. त्या कार्यक्रमात शिक्षणाला ३० टक्के भार आहे. मुलींची शौचालये, वीज, पाणी, पाठ्यपुस्तके, भाषा-गणिताची पातळी, सगळे मोजतात आणि मोजायलाच हवे. शाळेत यायची भीती किती मुलांना वाटते, हे कोणी विचारत नाही. ते विचारायला खर्च फारसा नाही: वर्षातून दोनदा, नाव न लिहिता, दहा प्रश्न.

जिल्हा परिषदेने सहाही तालुक्यांत शाळांचे एकेक केंद्र निवडावे, आणि त्यांत मानोऱ्यातल्या तांड्यांचे केंद्र व निदान एक आश्रमशाळा असावी. प्रत्येक केंद्राला त्याच भागातली, गोरमाटी किंवा वऱ्हाडी बोलणारी, पूर्णवेळ पगारी, प्रशिक्षण दिलेली एक व्यक्ती द्यावी आणि दोन वर्षे तिची बदली करू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि सदस्यांत निम्म्या स्त्रिया; त्या समितीला या बैठका पाहू द्याव्यात. पुरस्कार ठेवू नयेत. पैसा जिल्हा नियोजन समितीकडून मागावा. दोन वर्षांनी मुलांनाच विचारावे, आणि त्यांनी ‘काही फरक पडला नाही’ म्हटले तर तेही जाहीर करावे. वाशिमच्या शिक्षण विभागाने हे येत्या जूनपासून सुरू करावे.